चिखलात सापडलेले फोटो

२०२१ साली बकरी ईद २१ जुलैला, बुधवारी आली. कोरोनाचे निर्बंध होते म्हणून नमाज घरीच अदा केली, पाहुणेही कमीच होते. तरी कुर्बानीचे वाटे करणे, शेजारीपाजारी आणि गरजूंना पोहोचवणे हे सगळे नेहमीप्रमाणे पार पडले. रात्री पाऊस थांबायचे नाव घेईना. चिपळूणकरांना पावसाचे नवल नसते. ज्यांनी २००५ चा पूर पाहिला होता ते तर म्हणत होते, त्याहून जास्त काय येणार? गुरुवारी पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि बघता बघता तळमजले बुडाले. एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या गाड्यांची टपे तेवढी दिसत होती. लोक माळ्यावर, गच्चीवर, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या परक्या बिऱ्हाडात जीव मुठीत धरून बसले होते.

पाणी ओसरल्यावर जे मागे राहिले त्याला चिखल म्हणायचे, पण त्यात नुसती माती नव्हती. डिझेल होते, कुजलेले धान्य होते, गटार होते, आणि लोकांचे अख्खे संसार होते. आमची शाळा सखल भागात आहे. चार-पाच दिवसांनी आम्ही सगळे शिक्षक आणि शिपाई मामा फावडी घेऊन वर्ग साफ करायला लागलो. कंपाउंडच्या भिंतीला अडकलेल्या ढिगाऱ्यातून मामांनी एक वस्तू ओढून काढली. प्लास्टिकचे कव्हर असलेला फोटोंचा अल्बम होता. तो आमच्यापुढे धरून मामांनी विचारले, "हे टाकायचं का ठेवायचं?"

त्या दिवसांत हा प्रश्न शंभर वेळा विचारला जात होता आणि शंभर वेळा उत्तर ‘टाका’ असेच होते. गादी टाका, कपाट टाका, वह्या टाका. अल्बम मात्र आमच्याने टाकवला नाही. या एका अल्बमच्या निमित्ताने आम्ही कुठे चुकलो आणि काय शिकलो, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

दोन चुका

अल्बमची बरीच पाने एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. त्याच्या आसपास काही सुटे फोटोही चिखलात मिळाले. सगळे मिळून अकरा फोटो बऱ्या अवस्थेत हाती लागले. एका विमानतळाबाहेर सुटकेस घेऊन उभा असलेला तरुण. एका खोलीत पाच-सहा जण जेवायला बसलेले. निकाहच्या दिवशीची दुल्हन. ईदचे नवे कपडे घातलेली मुले. चिऱ्याचे घर, पुढे विहीर आणि फणसाचे झाड. शाळेच्या गणवेशातला एक मुलगा. निळ्या पडद्यापुढे बसलेल्या एका वृद्ध बाईंचा पासपोर्टच्या आकाराचा फोटो. तरुणाच्या फोटोमागे निळ्या शाईने उर्दूत एक ओळ लिहिलेली होती : ‘अम्मी, यहाँ सब खैरियत है.’ खालची तारीख पुसट झाली होती. नाव नव्हते, गाव नव्हते.

पहिली चूक आम्ही त्याच दुपारी केली. ऊन पडले होते म्हणून सगळे फोटो पत्र्यावर वाळत घातले. तासाभरात ते पापडासारखे वळले. आम्ही सरळ करायला गेलो तेव्हा चार फोटोंवरचे चित्र बोटाला लागून निघून आले. पुराने जे सोडले होते ते आमच्या हाताने गेले. उरले सात.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. उरलेल्या फोटोंचे मोबाईलवर फोटो काढून आम्ही ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. खाली लिहिले, ‘ज्यांचे असतील त्यांनी संपर्क साधावा’, आणि आमचा नंबर दिला. संध्याकाळी त्यांतला निकाहचा फोटो दुसऱ्याच एका ग्रुपवरून फिरून आमच्याकडे आला. आमचा नंबर गायब होता आणि खाली लिहिले होते की हे सगळे कुटुंब पुरात वाहून गेले, दुआ करा. हे कोणी जोडले, कळायला मार्ग नव्हता.

तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या एका वडीलधाऱ्या खालांनी आम्हाला बोलावून घेतले. त्यांच्याही घरात पाच फूट पाणी होते, सगळे सामान रस्त्यावर पडले होते. तशात त्या म्हणाल्या, "बेटा, फोटो भिजला तर भिजला. पण कुणाच्या घरची दुल्हन तुम्ही साऱ्या तालुक्याला दाखवलीत. ती तुमच्या घरची असती तर?"

आमचा हेतू चांगला होता, असे आम्ही पुटपुटलो. ते काही उत्तर नव्हते.

समुद्रानंतर जपानने काय केले

भिजलेले फोटो कसे वाचवावेत याची माहिती शोधताना आम्हाला जपानमधल्या कामाची ओळख झाली. त्सुनामी हा विषय आम्ही वर्गात अनेकदा शिकवला आहे. प्लेट सरकतात, समुद्राचा तळ उचलला जातो, लाट उठते, एवढे फळ्यावर काढून आमचा तास संपत असे. लाट गेल्यानंतर लोकांनी काय केले, हे आम्ही कधी शिकवले नव्हते.

११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९ तीव्रतेच्या आसपासचा भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. सुमारे १५,९०० माणसे मृत्यू पावली आणि अडीच हजारांहून अधिक बेपत्ता झाली. गावेच्या गावे लाकूड, पत्रा आणि चिखल यांचा ढीग होऊन पडली. सैनिक आणि अग्निशमन दलाचे जवान ढिगारे उपसून माणसे शोधत होते. शोधता शोधता त्यांना फोटो सापडत होते, अल्बम सापडत होते, मुलांची दप्तरे सापडत होती. कुणी हुकूम देण्याआधीच अनेकांनी या वस्तू बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली होती.

दोनच आठवड्यांनी, २५ मार्चला, जपान सरकारने ढिगारे हटवण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. पडकी घरे, गाड्या, होड्या यांचे काय करावे हे त्यांत होतेच. त्याबरोबर असेही म्हटले होते की पूर्वजांच्या नावाच्या पाट्या आणि अल्बम, म्हणजे मालकाच्या दृष्टीने मोलाच्या वस्तू, सरसकट फेकू नयेत. त्या वेगळ्या ठेवाव्यात आणि मालकाला परत मिळण्याची संधी द्यावी. हजारो प्रेते अजून मिळायची होती, लाखो माणसे शाळांच्या हॉलमध्ये झोपत होती आणि त्या घाईत सरकारी कागदावर ‘अल्बम’ हा शब्द आला. मामांच्या ‘टाकायचं का ठेवायचं’ या प्रश्नाचे उत्तर त्यांनी असे दिले होते.

मियागी प्रांतात यामामोतो नावाचे छोटे गाव आहे. या एका गावाच्या ढिगाऱ्यांतून सुमारे साडेसात लाख फोटो निघाले. शाळेच्या व्यायामशाळेत त्यांचे ढीग लागले. विद्यार्थी, प्राध्यापक, छायाचित्रकार आणि गावातलेच लोक मिळून ते धुवायला बसले. एक एक फोटो पाण्यात धरायचा, बोटाने किंवा मऊ ब्रशने चिखल काढायचा, दोरीला चिमट्याने लावून वाळवायचा, मग त्याची डिजिटल प्रत काढून क्रमांक द्यायचा. हे काम महिनोन् महिने चालले. फोटोची फिल्म बनवणाऱ्या फुजीफिल्म कंपनीने फोटो कसे धुवावेत याची रीत लोकांना दाखवली आणि स्वतःचे कर्मचारीही या कामाला लावले. रिको या कॉपी मशीन बनवणाऱ्या कंपनीने वेगवेगळ्या गावांतले मिळून सुमारे ४ लाख १८ हजार फोटो साफ करून संगणकावर घेतले आणि त्यांतले सुमारे ९० हजार मालकांच्या हाती परत गेले.

म्हणजे पाचांत जेमतेम एक. बाकीचे चार? काहींचे मालक उरले नव्हते. काहींना शोधायला येण्याची हिंमत झाली नाही. तरीही धुणाऱ्यांनी आधी हिशेब केला नाही की कोणता फोटो परत जाईल आणि कोणता नाही. सगळेच धुतले.

धुतलेले फोटो लोकांना सापडावेत म्हणून शाळांचे हॉल आणि रिकाम्या इमारतींत मांडून ठेवले. येणाऱ्यांतले पुष्कळ जण स्वतःचा फोटो शोधायला येत आणि शेजाऱ्याचा ओळखून जात. ‘हा तर अमक्यांचा मुलगा, ते आता मुलीकडे राहतात, मी निरोप देतो’, अशा रीतीने फोटो घरी पोहोचत. अनोळखी माणसाने धुतलेला फोटो दुसऱ्या अनोळखी माणसाने ओळखायचा आणि तिसऱ्याच्या हाती द्यायचा, अशी ही साखळी होती. दहा वर्षे उलटली तरी काही गावांत हे काम पूर्ण थांबले नव्हते.

बेकी मॅन्सन या बाई तेव्हा न्यूयॉर्कमध्ये फोटो सुधारण्याचे काम करत होत्या. म्हणजे मासिकांत छापायच्या चेहऱ्यांवरचे डाग पुसायचे काम. त्या स्वयंसेवक म्हणून जपानला गेल्या. तिथे भिजलेले फोटो हाताने धुताना त्यांना वाटले की फाटलेला, रंग उडालेला फोटो दुरुस्त करणे तर आपला रोजचाच धंदा आहे. त्यांनी जगभरच्या सहव्यवसायिकांना हाक दिली आणि पाचशेहून अधिक लोक पुढे आले. त्यांनी घरबसल्या, एक पैसा न घेता, शेकडो फोटो दुरुस्त केले आणि सुमारे ९० कुटुंबांना ते नव्याने छापून मिळाले. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांचे नाव माहीत नाही, त्यांच्या आजीच्या चेहऱ्यावरचा ओरखडा कुणीतरी रात्र जागून भरून काढत होते.

आणि ज्या फोटोंत ओळखण्यासारखे काहीच उरले नव्हते त्यांचे काय? यामामोतोत काम करणारे छायाचित्रकार मुनेमासा ताकाहाशी यांनी असे फोटो फेकू दिले नाहीत. २०१२ साली टोकियोत, मग अमेरिकेत त्यांचे प्रदर्शन भरवले. भिंतीवर हजारो छोटे फोटो, बहुतेकांवर फक्त लाल-पिवळे डाग, मधूनच एखादा हात, एखादी बाही.

रंग का वाहून जातात?

शिक्षकाला कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या स्टुडिओत छापलेला रंगीत फोटो म्हणजे नुसता कागद नसतो. कागदावर जिलेटिनचे पातळ थर असतात आणि रंग त्या थरांत असतो. सगळ्यात खाली पिवळा, मध्ये किरमिजी, वर निळा. पाण्यात जिलेटिन फुगते आणि मऊ पडते. घाण पाण्यातले जिवाणू ते खाऊ लागतात. वरचा निळा थर आधी जातो म्हणून फोटो लालसर दिसतो, मग पिवळा पडतो आणि शेवटी पांढरा होतो. हे काठापासून आत सरकत जाते. फोटोत माणसे साधारण मध्यभागी उभी असतात, म्हणून काठ गेला तरी पुष्कळदा चेहरे उरतात.

आम्ही पत्र्यावर वाळत घातलेले चार फोटो का गेले तेही यातून कळले. फुगलेले जिलेटिन उन्हाच्या तापाने आक्रसते, त्याला तडे जातात, आणि चिखलासकट सुकले की बोट लागताच सुटते. आधी स्वच्छ पाण्यात धुऊन सावलीत वाळवले असते तर कदाचित अकराच्या अकरा राहिले असते.

दाखवायचे, पण गावभर फिरवायचे नाही

उरलेले सात फोटो आम्ही या रीतीने पुन्हा धुतले आणि लिफाफ्यात ठेवले. पण पुढे काय? ते कुणाला दाखवले नाहीत तर मालकाला कळणार कसे? आणि दाखवले तर खालांचा प्रश्न होताच.

फोटो काढावा की नाही, भिंतीवर लावावा की नाही, याविषयी आपल्या घरांत वेगवेगळी मते आहेत. तो या लेखाचा विषय नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना मान्य व्हावी. फोटो दुसऱ्याचा आहे आणि आपल्या हाती आला आहे, तर ती अमानत आहे.

सापडलेल्या वस्तूला आपल्याकडे ‘लुकता’ म्हणतात आणि तिचा नियम बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आला आहे. प्रेषितांना (स.) कुणीतरी अशा वस्तूबद्दल विचारले असता त्यांनी सांगितले की आधी तिची पिशवी आणि तिला बांधलेली दोरी नीट ओळखून ठेवावी आणि मग वर्षभर लोकांत तिची वाच्यता करावी. हा नियम आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण पिशवी आणि दोरी का ओळखून ठेवायची, याचा विचार कधी केला नव्हता. वाच्यता करताना सगळेच उघड करून टाकले तर खरा मालक ओळखायचा कसा? काहीतरी आपल्यापाशी राखून ठेवायचे, म्हणजे जो येईल त्याने खूण सांगावी. जाहीर करायचे, पण उघडे टाकायचे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आम्ही नेमके उलटे केले होते.

जपानची रीतही याच्या जवळ जाणारी वाटली. तिथे फोटो मांडलेले होते, पण एका जागी. ज्याला शोधायचे त्याने त्या केंद्रात यावे, बसावे, पाने उलटावीत. मदतीला गावातलेच कुणीतरी शेजारी असे.

म्हणून आम्ही ठरवले की माणसांचे सहा फोटो शाळेच्या कपाटात राहतील. बायकांचे फोटो आमच्या सहकारी शिक्षिका फक्त बायकांना दाखवतील. शाळेच्या फाटकावर, जमातखान्यात आणि रेशन दुकानावर मराठीत व उर्दूत चिठ्ठी लावायची : ‘पुरात फोटो सापडले आहेत. एकामागे उर्दूत मजकूर आहे. मजकूर सांगून घेऊन जावे.’

राहिला सातवा, विहिरीच्या घराचा. त्यात माणूस नव्हता, म्हणून कुणाच्या पडद्याचा प्रश्न नव्हता. तो आम्ही प्लास्टिकच्या पाकिटात घालून एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर, बिस्किटांच्या बरण्यांच्या मागच्या काचेला आतून चिकटवला. खाली एवढेच लिहिले : ‘हे घर कुणाचे?’

विहीर ओळखणारा मिस्त्री

सात-आठ महिने काही झाले नाही. काहींनी गंमत केली, काहींनी तो घराच्या विक्रीची जाहिरात समजून किंमत विचारली. चहावाल्या भाऊंनी मात्र काच पुसताना तो फोटो कधी काढून टाकला नाही.

मार्च महिन्यात एका दुपारी भाऊंचा फोन आला. पंप दुरुस्त करणारा एक मिस्त्री चहा पीत उभा होता. त्याने घर ओळखले नव्हते, विहीर ओळखली होती. म्हणाला, "हा रहाट मीच काढला आणि तिथं मोटर बसवली. कठड्याला ही चीर तेव्हाही होती." घराचे मालक गाव सोडून मुलाकडे मुंब्र्याला गेल्याचे त्याला माहीत होते. पत्ता नव्हता, पण त्या वाडीतल्या एका दुकानदाराचा नंबर होता.

त्या वर्षी रमजान ईद ३ मे रोजी झाली. ईदच्या दुसऱ्या दिवशी साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी शाळेत आल्या. आम्ही लिफाफा मिटलेलाच ठेवला आणि विचारले, एका फोटोमागे काय लिहिले आहे? ते हसले. म्हणाले, "दुसरं काय लिहिणार? सगळ्यांनी तेच लिहिलं. सब खैरियत है."

विमानतळाबाहेरचा तरुण ते स्वतःच होते. कोकणातल्या हजारो घरांतून जसे तरुण कुवेत, दुबई, सौदीला गेले तसेच तेही गेले. त्या काळी फोन महाग, पत्र पोहोचायला पंधरा दिवस. पत्रासोबत फोटो पाठवायचा म्हणजे आईला चेहरा दिसे. फोटो हातात घेऊन त्यांनी मागची ओळ वाचली आणि पत्नीला म्हणाले, "खैरियत कसली? त्या महिन्यात पगार झाला नव्हता. जेवण उधारीवर चाललं होतं." जेवायला बसलेल्या पाच-सहा जणांचा फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला. त्यांतले दोघे आता हयात नव्हते.

दुल्हन म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तीही वारली होती. तिचा हा एकच फोटो होता, म्हणाले. मग त्यांच्या पत्नीने जे सांगितले ते आम्ही विसरू शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो फोटो त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. ‘सगळे वाहून गेले’ या मजकुरासह. तिच्या सासरची माणसे दोन दिवस घाबरून फोन करत होती. फोटो कुणाला सापडला, कुठे आहे, हे कळायची सोय नव्हती, कारण आमचा नंबर त्यावर राहिलाच नव्हता. बाई म्हणाल्या, "आम्ही समजलो, कुणीतरी जुना फोटो चोरून वापरला."

आम्ही माफी मागितली. त्यांनी ती दिली, हा त्यांचा मोठेपणा. तेव्हा लक्षात आले की हजारो हातांत एका दिवसात पोहोचलेल्या फोटोने त्या घराला फक्त त्रास दिला. टपरीच्या काचेला आठ महिने चिकटून राहिलेल्या फोटोने त्यांना शोधून आणले.

घरच्यांसाठी काही गोष्टी

पूर, गळके छप्पर, वाळवी यांपासून कुठलेही घर मुक्त नाही. म्हणून अनुभवातून जे कळले ते थोडक्यात देतो.

भिजलेले फोटो चिकटले असतील तर ओढून सोडवू नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवा, हळूहळू ते आपोआप सुटतात. चिकटलेला अल्बम उलगडण्याआधी दिसते तेवढे मोबाईलवर टिपून घ्या. धुताना चित्रावर घासू नका. पाणी बदलत राहा. धुणे दोन-तीन दिवसांच्या आत झाले तर उत्तम. ते शक्य नसेल आणि वीज असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे जिवाणूंचे काम थांबते. वाळवायचे ते सावलीत, कोपऱ्याला चिमटा लावून किंवा स्वच्छ कपड्यावर चित्र वर करून. घरच्या रंगीत प्रिंटरवर छापलेला फोटो मात्र धुऊ नये, त्याची शाई पाण्यात उतरते.

दुसरी गोष्ट, फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. आम्हाला मिळालेल्या सातांपैकी एकावर जरी गावाचे नाव असते तरी आठ महिने लागले नसते. आपल्या कितीतरी घरांत दादी-नानीचा एकच फोटो असतो, हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. तिचे नाव आज आपल्याला पाठ आहे. आपल्या नातवंडांना असेलच असे नाही.

तिसरी, वर्षातून पाच-दहा फोटो तरी कागदावर छापून ठेवा. आता सगळे फोटो मोबाईलमध्ये असतात. मोबाईल पाण्यात गेला की त्यातले सगळे एकदम जाते. चिखलात कुणाला काही सापडायचे तर कागद तरी हवा.

आणि शेवटची, दुसऱ्याचा फोटो सापडला तर पुढे पाठवण्याआधी थांबा. मशिदीत, शाळेत, वाचनालयात, ओळखीच्या दुकानात चिठ्ठी लावा. खूण राखून ठेवा. वाट पाहा.

दोन फोटो

ते गृहस्थ पाच फोटो घेऊन गेले. उरलेले दोन पाहून त्यांनी मान हलवली. शाळेच्या गणवेशातला मुलगा आणि निळ्या पडद्यापुढच्या वृद्ध बाई त्यांच्या ओळखीच्या नव्हत्या. दुसऱ्याच कुठल्या घरातले ते फोटो पाण्याबरोबर वाहत येऊन त्याच ढिगाऱ्यात अडकले असावेत.

लुकत्याची वर्षाची मुदत कधीच संपली. पण फोटोचे आपल्याला करायचे तरी काय? तो विकता येत नाही, वापरता येत नाही, सदका म्हणून देता येत नाही. म्हणून दर जुलैत, पुराच्या तारखेच्या आसपास, आम्ही फाटकावरची चिठ्ठी नव्याने लिहून लावतो. मामा आता निवृत्त झाले, पण त्या दिवसांत एक चक्कर टाकतात आणि कपाटाकडे पाहून विचारतात, "आलं का कोणी?"

अजून कोणी आलेले नाही. लिफाफा कपाटात आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरातून २०२१ च्या पुरात एखाद्या वृद्ध बाईंचा पासपोर्टचा फोटो वाहून गेला असेल, तर त्यांनी चिपळुणात चौकशी करावी. बाईंच्या ओढणीला काठावर एक खूण आहे. ती काय आहे ते आम्ही इथे लिहीत नाही.